पाठपोट पावत्या

फेचबुरी, ३ जून

पी थवी,

परवा फोन मी आपटला, हे खरं आहे. फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, म्हणून यापुढे पत्र. पत्रात बोलणाऱ्याला वाक्य पूर्ण करावं लागतं आणि ऐकणाऱ्याला मध्येच तोंड घालता येत नाही. तुला ‘पी’, म्हणजे दादा, म्हणणाऱ्या धाकट्या बहिणीला एवढी सोय असू दे.

दहा ऑगस्टला आईला जाऊन शंभर दिवस होतील. तोवर ती देवळात पेटीत, त्या दिवशी दहन, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आईचं स्मरणपुस्तक द्यायचं. प्रस्तावना तुझ्याकडे, छापखाना माझ्याकडे. तुला आईचे जुने फोटो आणि दुकानाच्या जुन्या पावत्या संगणकात चढवून हव्यात. ठीक. पण तिसऱ्या गोष्टीबद्दल तू काहीच बोलत नाहीस. जिने पन्नास वर्षं अंडी-गूळ-नारळाचा भाजलेला गोड मो केंग विकला, तिच्या पुस्तकात मो केंगची कृती नसेल, तर लोक काय म्हणतील? या गावात नुसती लोणची घालणाऱ्या बायकांच्या पुस्तकातही लोणच्याची पानं असतात.

कृती कुणाकडेच नाही, ही अडचण आहे. आई पडद्यामागे मापायची आणि आपली कामवाली पा नियन, सगळ्यांची मावशी, पडद्याच्या अलीकडे कढई घोटायची. चाळीस वर्षं! आई गेल्यापासून पा नियनने नऊ ट्रे भाजून पाहिले. काहींना भेगा पडल्या, काहींना पाणी सुटलं. काल ती मला म्हणाली, "तोय, माझे हात बरोबर आहेत गं, डोकंच तुझ्या आईबरोबर गेलं." पासष्टाव्या वर्षी तिला दुसरं काम कोण देणार? मो केंग जमला तर दुकान तिचं, नाही तर ती रस्त्यावर. कृती शोधायची आहे ती प्रथम तिच्यासाठी, मग पुस्तकासाठी.

आता यंत्राविषयी. मी बाजारात जाऊन तीन प्रकारचे स्कॅनर हाताळून पाहिले.

पहिला दांडीसारखा. हातात धरून कागदावरून सरकवायचा. स्वस्त, पिशवीत मावणारा. पण त्याला सपाट कागद आणि न थरथरणारा हात लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत पन्नास वर्षं राहिलेला फोटो सपाट नसतो, तो पापडासारखा वळलेला असतो.

दुसरा कागद गिळणारा. एका फटीत पावती सरकवली की रबरी रूळ ती ओढतात आणि पलीकडून बाहेर टाकतात. यातही दोन जाती आहेत. एकीला एकच डोळा, ती फक्त पुढची बाजू पाहते. दुसरीला वरखाली दोन डोळे, त्यामुळे एकाच फेरीत पाठपोट दोन्ही बाजू मिळतात. पावत्यांसाठी याहून उत्तम काही नाही, पण जुना फोटो यात घालायचा नाही, रूळ त्याची कातडी सोलतात.

तिसरा काचेचा, पाटीसारखा. फोटो काचेवर निवांत पालथा निजतो आणि दिवा त्याच्याखालून चालत जातो. सर्वांत सावकाश आणि सर्वांत सुरक्षित. हा आमच्या शाळेत आहे, मुख्याध्यापक शनिवार-रविवार घरी नेऊ देतील.

म्हणून माझा निर्णय असा: फोटोंसाठी शाळेचा काचेचा, पावत्यांसाठी दोन डोळ्यांचा गिळणारा. एकडोळ्या चार हजार दोनशे बाट, दोन डोळ्यांचा सहा हजार नऊशे. खर्च तू करणार असं सगळ्या भिक्खूंसमोर म्हणाला होतास, म्हणून विचारते.

तोय


बँगकॉक, ९ जून

तोय,

मी स्कॅनर विचारला होता, तू धडा पाठवलास. खाली स्वाध्याय द्यायचा राहिला वाटतं.

नवीन काही घ्यायचं नाही. माझ्या कार्यालयातला दांडीवाला स्कॅनर फेचबुरीच्या व्हॅनवाल्याकडे देतो आहे, थांब्यावरून घे. वीस फोटो पुरेत. पावत्या जितक्या जुन्या तितक्या बऱ्या, दुकान किती जुनं ते दिसलं पाहिजे. पुढची बाजू पुरे. पावतीच्या मागे काय असतं? तेलाचे डाग. काम झालं की आई तारेत खोचून ठेवायची त्या पावत्यांचे सगळे गठ्ठे त्याच व्हॅनने इकडे पाठव. तुझ्या घरात वाळवी आहे, माझ्याकडे लोखंडी कपाट आहे.

कृतीचं खूळ सोड. ती आईबरोबर गेली. पा नियनला सांग, भाजलेली केळी विक, त्याला माप लागत नाही.

प्रस्तावना सोबत आहे. सही केली आहे. थोरला मुलगा म्हणून हे पुस्तक माझ्या नावाने निघतं आहे. छापणाऱ्याला सांग, एक अक्षरही बदलायचं नाही. शेवट असा आहे: "या पुस्तकात जे जे छापलं आहे, ते ते आमच्या आईच्या नावाने सर्वांना दान केलं आहे. या दानाचं पुण्य तिला पोहोचो." वाच आणि गप्प बस.

थवी


फेचबुरी, २१ जून

पी थवी,

तुझी दांडी पोहोचली. तिचा पराक्रम ऐक.

आईचा विशीतला एकुलता एक फोटो, कालव्याकाठी डोक्यावर ट्रे घेऊन उभी आहे तो, मी ओल्या कापडाच्या वाफेवर धरून, दोन वह्यांमध्ये रात्रभर दाबून सपाट केला. तरी एक कोपरा किंचित वर राहिला. दांडी सरकवली. तिच्या पोटाखाली चार चाकं आहेत, त्यांपैकी एक त्या कोपऱ्यावर अडखळलं आणि घसरलं. आता आईच्या हनुवटीवर पांढरा ओरखडा आहे, आणि संगणकातल्या चित्रात तिचा चेहरा पाण्यात बुडाल्यासारखा वाकडा आला आहे. मी तुला लेखी कळवलं होतं, पी थवी. कारणांसकट कळवलं होतं. तीस वर्षं वर्गात सांगते आहे की प्रयोगाआधी सूचना वाचा, आणि माझाच थोरला भाऊ मागच्या बाकावरच्या कार्ट्यासारखा वागतो! एवढा राग मला कुणाचा आला नव्हता. म्हणून माझ्या पगारातून मी दोन डोळ्यांचं यंत्र आणलं. तुझी दांडी परत पाठवते आहे, ती कुठे ठेवायची ते तू ठरव.

आता खरी गोष्ट.

सर्वांत वरचा गठ्ठा अंड्यांच्या वखारीचा होता, गेल्या पाच वर्षांचा. यंत्राने पहिली पावती गिळली. पडद्यावर पुढची बाजू आली ती कोरी. दुसरी, तीही कोरी. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं. या पावत्यांना शाई नसतेच. कागदाला उष्णता लागली की अक्षर उमटतं, आणि पुढे उष्णतेनेच ते उडून जातं. आई त्या टांगायची कुठे? भट्टीच्या वर! सगळा छापील मजकूर कधीच हवेत गेला आहे.

आणि त्याच फेरीत दुसऱ्या डोळ्याने पाहिलेली मागची बाजू पडद्यावर आली. शिसपेन्सिल, पी थवी. शिसपेन्सिल उष्णतेने उडत नाही. आईचं अक्षर: "अंडी ४४. गूळ ११. दूध ७. पाऊस." आईने आयुष्यात वही विकत घेतली नाही. "ज्या कागदाची एक बाजू वापरली त्याची दुसरी बाजू फुकट," म्हणायची. तू सांगितलंस तसं फक्त पुढचं पाहिलं असतं, तर माझ्याकडे पाच वर्षांचे कोरे कागद असते.

मी ओरडले. पा नियन अंगणातून धावत आली, हाताला पीठ तसंच. मी वाचून दाखवलं.

"अंडी चव्वेचाळीस," मी म्हटलं.

"बदकाची," ती म्हणाली.

"गूळ अकरा."

"ताडगूळ. मोठी पळी. आणि दूध?"

"सात. पण सात काय?"

"करवंट्या! नारळाचं दूध ती करवंटीने घालायची, मला पलीकडून आवाज यायचा. डुब, डुब, डुब. मी मेली मोजलं नाही कधी." मग ती भट्टीजवळ उकिडवी बसली आणि आईला शिव्या देऊ लागली. "माझ्या डोक्यावर टांगून ठेवलं होतंस गं, सांगवियन! चाळीस वर्षं! एकदा मान वर कर म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का तुझी?" शिव्या देता देता रडली, रडता रडता अंडी फोडू लागली. आज दहावा ट्रे भाजला. पाणी सुटलं नाही.

हे सगळं पुस्तकात जाणार. मूळ गठ्ठे कुठेही जाणार नाहीत.

तोय


बँगकॉक, २६ जून

तोय,

ताबडतोब थांब. एकही पावती पुस्तकात छापायची नाही. जुन्या पावत्यांच्या पुढच्या बाजूंची चार चित्रं दे, बस. मागच्या बाजू नकोत. पा नियनला आणखी काही वाचून दाखवू नकोस. ती घरची नाही.

तुला या व्यवहारातलं कळत नाही म्हणून सांगतो. कृती ही घराची वस्तू असते. रस्त्यावर वाटून टाकायची पत्रकं नव्हेत. शिवाय तुला सापडलेलं माप चूक आहे. आईने मला स्वतः सांगितलं होतं: चाळीस, बारा, आठ. तेच खरं, बाराही महिने. तू ज्याला शोध समजतेस ती म्हातारपणी गोंधळलेल्या बाईची आकडेमोड आहे.

शुक्रवारपर्यंत गठ्ठे व्हॅनमध्ये हवेत. मी थोरला आहे आणि हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

थवी


फेचबुरी, ५ जुलै

पी थवी,

शुक्रवार गेला. व्हॅनही गेली, रिकामी.

आई म्हातारपणी गोंधळली होती की नाही ते मोजून सांगते, कारण मोजता येण्यासारख्या गोष्टीवर भांडणं मला आवडत नाही.

मी एकूण दोन हजार तीनशे अठरा पावत्या यंत्रातून घातल्या. त्यांपैकी एकशे चारांच्या पाठीवर माप आहे. दर वेळी वेगळं. पहिल्या दिवशी मलाही वाटलं की हा गोंधळ आहे. मग सुचलं की यंत्राने आपल्याला दोन बाजू दिल्या आहेत आणि आपण एकच वाचतो आहोत. जुन्या पावत्या कार्बनच्या आहेत, त्यांची पुढची बाजू अजून दिसते, आणि पुढे तारीख असते. ज्यांची तारीख दिसते अशा प्रत्येक मापासमोर मी त्याच कागदाच्या पोटावरची तारीख लिहिली आणि सगळी मापं वर्षाप्रमाणे नव्हे, तर महिन्याप्रमाणे लावली. पी थवी, तो क्षण तुला दाखवता आला असता तर! सगळं आपोआप रांगेत येऊन उभं राहिलं. पंचवीस वर्षांपूर्वीचा जुलै आणि सहा वर्षांपूर्वीचा जुलै सख्ख्या भावांसारखे. आईची कृती एक नव्हतीच, ती बारा महिन्यांची होती. ताड उन्हाळ्यात झरतात तेव्हा गूळ ताजा आणि कोरडा असतो. पावसाळ्यात वखारीतला साठवणीचा गूळ, तो हवेतलं पाणी ओढतो. म्हणून जूनपासून ती दूध कमी करायची आणि अंडी वाढवायची, आणि डिसेंबरपासून हळूहळू उलट. शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई, आणि हिशेब असा की मी वर्गात फळ्यावर मांडावा.

आता दोन गोष्टी.

अकरा महिने भरले. एप्रिल रिकामा आहे. माप बदललं तरच आई लिहायची, आणि कोरड्या गुळाच्या महिन्यात वर्षागणिक बदल होत नसावा, म्हणून एप्रिल तिने बहुधा एकदाच लिहिला असेल. तो कागद तारेवर नाही. मार्च ४१, १२, ८. मे ४२, १२, ८. मधे काय असेल? चाळीस, बारा, आठ चपखल बसतं. तू सांगितलेलं माप. बाराही महिन्यांचं नव्हे, एका एप्रिलचं. आई कुणालाही काहीही सांगायची नाही, मुलालाही नाही. मग ते तुझ्याकडे आलं कुठून?

दुसरी गोष्ट. मंगळवारी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस दुकानात आला. मी शाळेत होते. पा नियनने सगळं साभिनय करून दाखवलं.

"मावशी, इथे अंगठा," तो म्हणाला.

"कशाला?"

"काही नाही. ‘सांगवियनबाईंच्या पद्धतीचा’ मो केंग यापुढे तुम्ही करणार नाही, एवढंच. बदल्यात आमच्या कारखान्याचा बनलेला माल तुम्हाला इथे विकायला मिळेल. थवीसाहेबांशी सगळं ठरलंय."

"मग मी काय करू?"

"डबे उघडायचे, मावशी."

"डबे उघडायला माकड ठेव," ती म्हणाली. "नारळ काढायला शिकतं ते, झाकणं पण काढेल." आणि तिने त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पीठ झटकलं. चुकून, असं ती म्हणते.

तो कागद माझ्यासमोर आहे. पी थवी, जी बाई आईच्या शेवटच्या आजारात तिला उचलून न्हाणीत नेत होती, तिच्याकडून तू कढई काढून घेतो आहेस? आणि हे तू मला फोनवर सांगितलं नाहीस, पत्रात सांगितलं नाहीस, आईच्या शवापुढे सात रात्री मंत्र चालू असताना शेजारी बसून सांगितलं नाहीस. "दुकान किती जुनं ते दिसलं पाहिजे" म्हणे! डब्यावर छापायला! आई अजून देवळात पेटीत आहे. निदान तिला जाळून होईपर्यंत तरी थांबायचं होतंस.

तोय


बँगकॉक, १२ जुलै

तोय,

बरं. ऐकायचंच आहे ना, मग सगळं ऐक.

हो, त्या कारखान्याला कृती विकण्याचा करार मी केला आहे. अट एकच, की कृती दुसरीकडे कुठे छापलेली असू नये. जून महिन्यात त्यांनी माझ्या मापाने शंभर ट्रे भाजले आणि शंभरांना पाणी सुटलं. मी त्यांच्या कारखान्यात मान खाली घालून उभा होतो, पांढऱ्या टोप्या घातलेली पोरं माझ्याकडे बघून हसत होती. म्हणून गठ्ठे हवे होते. आता तुझ्यामुळे कळलं पाणी का सुटलं. आभार मानू?

तू मला नीती शिकवतेस. तुला शिकवता येतं, कारण तू शिकलीस. मी बारा वर्षांचा असताना आईने माझं दप्तर खुंटीला टांगलं आणि माझ्या डोक्यावर ट्रे दिला. तू नऊ वर्षांची होतीस, तुझं दप्तर पाठीवरच राहिलं. सात वर्षं मी कोळसे ओढले. मो केंगला वरून आणि खालून दोन्हीकडून आच लागते, ती वरची आच म्हणजे मी, जळत्या कोळशांचं झाकण उचलणारा. माझ्या हातांवर अजून डाग आहेत. तुझ्या शाळेचा गणवेश त्या कोळशांतून शिवला गेला. एकदा तरी विचारलंस, पी, तुला शिकायचं होतं का?

मला शिकायचं होतं. मला यंत्रं शिकायची होती.

एकोणिसाव्या वर्षी सोंक्रानच्या, नव्या वर्षाच्या सकाळी मी घर सोडलं. सगळं गाव वडीलधाऱ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालायला निघालं होतं. मी आईच्या हातावर पाणी घातलं नाही. भट्टीपाशी गेलो, तारेवरचा सर्वांत वरचा कागद ओढला, त्यावर पेन्सिलीने माप लिहिलेलं दिसलं, आणि बसमध्ये बसलो. हो, चोरला. शाळा दिली नाहीस, तर हे देणं लागतेस, असं मनात म्हणालो. बसमध्येच पाकिटातल्या, आपल्या देवळातल्या गुरुजींच्या छोट्या तसबिरीच्या पाठीवर भाताने चिकटवला, मापाची बाजू वर ठेवून. पुढे त्यावर प्लॅस्टिक चढवून घेतलं. एकोणचाळीस वर्षं तो माझ्या पाकिटात आहे. माझ्या शिक्षणाच्या बदल्यात मला मिळालेली ती एकच वस्तू आहे आणि ती मी विकणार, नाही तर जाळणार, तो माझा प्रश्न आहे.

पा नियनचं मला वाईट वाटतं. पण माझं वाईट कुणाला वाटलं?

थवी


फेचबुरी, २० जुलै

पी थवी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी रागाने, दुसऱ्या वेळी तुला उत्तर देता यावं म्हणून, तिसऱ्या वेळी तू लिहिलंस ते खरं आहे का, ते आठवून पाहायला. चौथ्या वेळी पा नियनला मोठ्याने वाचून दाखवलं.

मी विचारलं नाही, हे खरं आहे. नवव्या वर्षी सुचलं नाही आणि पुढे भीती वाटली. तू "हो" म्हणाला असतास तर मी तो गणवेश घालून कशी गेले असते? ही चूक माझी. ती मी सारवासारव न करता लिहिते.

पण माझ्या चुकीची भरपाई पा नियनच्या कढईतून होणार नाही. ज्यांनी तुला शाळेतून काढलं ते दोन हात पेटीत आहेत. ज्या हातांतून तू आता काम काढून घेतो आहेस, त्या हातांनी तुझ्या भाजलेल्या बोटांना कोरफड लावली होती. तुझ्यावर अन्याय झाला, म्हणून तुला तो पुढच्या माणसाला देता येत नाही, थवी. मुद्दाम "पी" लिहिलं नाही.

म्हणून मी जे केलं आहे ते आता सांगते. पुस्तक मी छापायला दिलं आहे. अकरा महिन्यांच्या अकरा पावत्या, प्रत्येकीची पुढची बाजू डाव्या पानावर आणि मागची उजव्या पानावर. तुझ्या प्रस्तावनेतलं एक अक्षरही बदललेलं नाही. ती तू सही करून, पानं न पाहता पाठवली होतीस: "या पुस्तकात जे जे छापलं आहे, ते ते आमच्या आईच्या नावाने सर्वांना दान केलं आहे." छापणारे काका वाचून म्हणाले, "थोरल्या मुलाने मोठं मन दाखवलं हो." मी म्हटलं, हो, दाखवलं.

आता तुला ते परत घ्यायचं असेल, तर ये. हजार पाहुण्यांसमोर उभा राहा आणि सांग की आईला पोहोचवलेलं पुण्य मी माघारी घेतो, कारण एका कारखान्याला ते हवं आहे. मी तुला अडवणार नाही. माझ्यात ती ताकद नाही, आणि मला वाटतं तुझ्यातही नाही.

एप्रिलची दोन पानं मी कोरी ठेवली आहेत. शेवटचा फर्मा पहिल्या तारखेला यंत्रावर चढेल. आकडे मला ठाऊक आहेत, मी ते टाइप करून टाकू शकते. पण मला ते नको. मला आईचं अक्षर हवं, आणि मला पुढची बाजू हवी. तू माप एवढी वर्षं जपलंस आणि त्याची तारीख तुला माहीत नाही. तारखेशिवाय माप म्हणजे काय होतं, ते तू शंभर ट्रे वाया घालवून पाहिलं आहेस.

तेव्हा कृपा करून असं कर. प्लॅस्टिक कापताना कात्री कागदापासून दोन बोटं दूर ठेव, आच देऊन उघडू नकोस, कारण कागद कोणत्या जातीचा आहे ते ठाऊक नाही. भाताची खळ कोमट पाण्याच्या ओल्या कापसाने अर्ध्या तासात सुटते. पेन्सिलीच्या बाजूला पाणी लागू देऊ नकोस. ओढू नकोस. वाट पाहा. तुला यंत्रं शिकायची होती ना? हा पहिला धडा समज, स्वाध्यायासकट.

तोय

ता. क. पा नियन सांगते तसं लिहिते: "थवी, तुझं पत्र ऐकलं. कोरफडीचं झाड अजून आहे. कढईला हात लावलास तर दुसरा हातही भाजेन. दहनाला जेवायला थांब."


बँगकॉक, २७ जुलै

तोय,

मी अजून रागावलेलो आहे. हे पत्र समेटाचं आहे असं समजू नकोस.

रविवारी बायकोची भरतकामाची कात्री घेतली. तू सांगितलंस तसं दोन बोटं सोडून कापलं. कापूस कोमट पाण्यात भिजवून ठेवला. अर्ध्या तासाने सुटलं नाही. मी ओढणार होतो. तुझा आवाज कानात होता, म्हणून चडफडत आणखी अर्धा तास बसलो. मग गुरुजींची तसबीर एकीकडे आणि कागद दुसरीकडे असे अलगद वेगळे झाले.

मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की पुढे अंड्यांची नाही तर नारळाची पावती असणार. तुला लिहिलं नव्हतं का, पावतीच्या दुसऱ्या बाजूला काय असतं म्हणून?

ती देवळातल्या रात्रीच्या शाळेची पावती आहे. प्रौढांचा वर्ग, पहिलं सत्र, फी पूर्ण भरली. विद्यार्थ्याचं नाव माझं. हस्ताक्षर तिथल्या गुरुजींचं, खाली आईची सही, ती सही करायची तशी एकेक अक्षर सुटं. तारीख बारा एप्रिल.

तोय, मी तेराला गेलो.

म्हणजे बाराच्या संध्याकाळी ती पैसे भरून आली, नेहमीच्या सवयीने मागे माप लिहिलं आणि कागद तारेवर सर्वांत वर खोचला. मी पुन्हा पुन्हा विचार करतो आहे की तिने लगेच का सांगितलं नाही. आणि मला एकच उत्तर सापडतं. सकाळी सोंक्रान होता. मी हातावर पाणी घालणार, मग ती आशीर्वाद देणार, तेव्हा देणार असेल. पाणी घातल्याशिवाय ती कुणालाच काही द्यायची नाही, तुला आठवतं ना. मी तेवढं थांबलो नाही. पुढे सणावारी घरी येत राहिलो, पण तिने कधी विषय काढला नाही. कागद तारेवरून गेलेला तिला दिसला असेलच. तिला वाटलं असेल, मी तो वाचला आणि तरीही गेलो.

हे पत्र आजच व्हॅनवाल्याकडे दिलं आहे, मूळ कागद दिला नाही. उद्या पहिल्या गाडीने मी स्वतः घेऊन येतो. तुझ्या त्या गिळणाऱ्या यंत्रात तो घालायचा नाही. काचेवर ठेव, शाळेचा स्कॅनर मागून आण. दोन्ही बाजू छाप. तारीख ठळक आली पाहिजे.

कंपनीला कळवलं आहे की कृती छापली गेली, करार संपला. पलीकडचा माणूस बरंच बोलला. मीही बोललो, आपल्या घरच्या भाषेत.

पा नियनला सांग, जेवायला थांबेन. आणि तिला विचार, दहनाच्या दिवशी पेटी उघडतात का, की त्या आधीच बंद करतात. सुगंधी पाणी मी इकडून घेऊन येतो आहे.

पी थवी